कृष्णातनं अडवलेलं ड्रॉइंग

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्या पंपांच्या डिझाइन ऑफिसात कृष्णातनं सोळा वर्षं काढली आणि सोळा वर्षांत स्वतःच्या डोक्यानं एक रेघ ओढली नाही. २००६ साली मालकांनी फायली सांभाळणारं सॉफ्टवेअर आणलं, तेव्हा मात्र गडी खुलला. मोठं ड्रॉइंग लॉक केलं की दुसऱ्याला ते बदलता येत नसे. सोय चांगलीच होती, कारण असल्या फायलीत दोघांचे बदल एकत्र होत नाहीत, मागून येणारा पहिल्याचं पुसून टाकतो. पण लॉक तोडायचा अधिकार एकट्या कृष्णातला मिळाला. सकाळी आला की चहाच्या आधी सात-आठ फायली अडवायचा. का? तर लोकांनी टेबलाशी येऊन "दादा, सोडा की" म्हणावं!

दीप्तीला त्याची शिसारी यायची. ती सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती आणि हा शेवटचा आठवडा होता. केसिंगच्या, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या, ड्रॉइंगमध्ये बोअर, म्हणजे मधलं भोक, चार मिलिमीटर मोठं पडत होतं. चूक तिचीच, पकडलीही तिनंच. गिऱ्हाइकाच्या ब्रँचमध्ये, म्हणजे त्याच फाईलच्या वेगळ्या प्रतीत, तिनं ती दुरुस्तही केली. पण माल कापणारं मशीन शॉप मुख्य ब्रँचशिवाय काही मानत नसे. आज शनिवार, दुपारी तीनला काम सुरू होणार होतं. आणि मुख्य ब्रँचमधलं ड्रॉइंग लॉक करून हे महाशय फुटबॉलची मॅच बघायला गेलेले, मोबाईल बंद!

ती रिक्षानं मैदान गाठून शिवाजी पेठेच्या संघाच्या पाठीराख्यांच्या घोळक्यात घुसली. कृष्णात शेंगा फोडत बसला होता.

"दादा, पासवर्ड सांगा. माल भंगारात जाईल."

"माझं काम चाललंय की त्यात."

"काय बदललंय तुमी?"

तिनं तीनदा विचारलं.

"कायबी न्हाय," तो खेकसला. "पर मला इचारल्याबिगर फाईल गेली, तर सोमवारी मला इचारणार कोण?"

एवढ्या मोठ्या माणसाचं एवढंसं मन बघून तिला किळस आली. तेवढ्यात मशीन शॉपमधल्या, मशीन चालवणाऱ्या राजसचा फोन आला. तीनची वाट न बघता त्यांनी सकाळीच काम लावलं होतं आणि चुकीच्या मापानं बारा केसिंग कापून झाली होती. ड्रॉइंगवर नाव दीप्तीचं होतं.

"झाली न्हवं? मग आता कशाची घाई?" कृष्णात म्हणाला आणि थोडं सरकून त्यानं तिला बसायला जागा करून दिली.