भाकरी संपेपर्यंत थांबायचं

शिडीची पायरी माझ्या हातातच तुटली आणि मी खड्ड्यात पडले. सुशीला आधीच पालथी पडली होती. हाक मारली, हलली नाही. वर झाकणाएवढंच आभाळ दिसत होतं. पाइपावर चढून मी त्याकडे तोंड केलं आणि ओरडत राहिले... श्वास घेतला की घसा जळत होता.

उमरग्याबाहेर सांडपाणी साफ करायच्या केंद्रात आम्ही दोघी कामाला होतो. मी झाडलोट करायची, ती यंत्रं बघायची. साबणातला, मुतातला फॉस्फरस तळ्यात गेला की तळं हिरवं होतं, आणि तो पोटात साठवायला टाकीत जिवाणू असतात, हे तिनंच मला सांगितलं. "आक्का, हवा बंद केली की हे पोटातलं सगळं वकतात. मग हवा दिली की वकल्याच्या वर गिळतात. गच्च भरले की गाळासंगं बाहेर काढायचे. गाळ तसाच कोंडून ठिवला की पुन्यांदा वकले."

मी म्हणाले, "माणसाचं उलटं हाय. कोंडलं की गिळत बसतंय."

"म्हणून तुमचं तोंड एवढं कडू व्हय!"

गाळाचा व्हॉल्व्ह खड्ड्यात होता आणि खड्ड्यात विषारी वायू साठायचा. तो काढायला पंखा मागितला होता, आला नाही. मग आम्हीच रीत पाडली. झाकण काढायचं, कडुनिंबाखाली भाकरी खायची, मग उतरायचं. तोवर खड्डा मोकळा होतो, असं आम्ही धरून चाललो.

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती, हवेची यंत्रं बंद. गाळ काढला नसता तर साठवलेलं सगळं परत पाण्यात आणि तिथून तळ्यात गेलं असतं. तिच्या म्हशी त्याच तळ्यावर. झाकण दोघींनी काढलं. तिला शुक्रवारचा उपास होता. माझं घर बौद्ध, आमच्यात उपास नाहीत. मी भाकरीचा डबा उघडला.

"थांब की गं."

"तुम्ही खावा, आक्का. मला कुठं जेवायचंय? तवर व्हॉल्व्ह सोडते."

दोन घास झाले आणि खड्ड्यातून धप्पकन आवाज आला. वॉचमनला हाक मारून मी धावले. उतरायला नको होतं, पण उतरले.

कडुनिंबाखाली तिची बसायची फरशी अजून तशीच आहे. मी शेजारी बसते, त्या फरशीवर डबा ठेवत नाही. त्या दिवशी वॉचमननं दोर टाकला. खड्ड्यात आम्ही दोघी होतो. जिवंत मी निघाले.