नंदूचं अंडं

चार बिऱ्हाडांचा एक जिना आणि घरटी एक न जेवणारं पोर, एवढ्या भांडवलावर किस्से आपोआप साचतात. सत्तरच्या दशकातल्या आमच्या पिंपरीच्या कॉलनीत कुणाकडे काय शिजलंय हे विचारावं लागत नसे, फोडणीच सांगायची. आणि दुसरीच्या पोराला काय खाऊ घालावं, यावर तर प्रत्येकीचं मत तयारच!

* * *

आमच्या समोरच्या शेलारांचा नंदू इतका किडकिडीत, की चड्डी करगोट्याच्या भरवशावर टिकायची. सारखा तापाने फणफणलेला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, रोज एक अंडं द्या, नाहीतर हे असंच चालायचं.

नंदूची आजी देहूकडची, गळ्यात तुळशीची माळ. अंडं घरात आलं तर या घरचं पाणी पिणार नाही, असं तिने जाहीर केलं. वर डॉक्टरांना निरोप धाडला, "हत्ती काय अंडी खातो व्हय?"

डॉक्टर म्हणाले, "हत्ती दिवसभर चरतो. नंदूला शाळा आहे."

नंदूची आई सुनंदा मधल्यामध्ये अडकली. सासूला दुखवायचं नाही आणि पोराच्या बरगड्याही बघवत नाहीत. मला तिची फार कीव यायची.

* * *

वाट काढली खालच्या मजल्यावरच्या सुमन कांबळेने. शाळेतून येताना नंदूने तिच्याकडे शिरायचं, उकडलेलं अंडं खायचं आणि चूळ भरायची. तोंडाचा वास जावा म्हणून घरात पाऊल टाकण्याआधी दारातल्या तुळशीचं पान चघळायचं. म्हणजे पापही फिटायचं!

थोड्याच दिवसांत तुळशीला टक्कल पडलं. आजीने कीड लागली म्हणून तिच्यावर राख टाकली.

* * *

सुमनच्या घरी वेगळीच तऱ्हा. गॅलरीत पाळलेली कोंबडी एका रविवारी रश्श्यात दिसली, तेव्हापासून सुमनच्या लेकीने, विमलने, मटण-कोंबडी सोडली. रविवार आला की ही शेलारआजींच्या पंगतीला, शेपू-भाकरी खायला.

कांबळेभाऊ हताश होऊन आमच्या ह्यांना म्हणाले, "काय सांगू राव, आम्ही मिळत नव्हतं म्हणून रडायचो. ही मिळतंय म्हणून रडते."

* * *

नंदूने हळूहळू बाळसं धरलं. त्याचं सगळं श्रेय आजीने आपल्या नाचणीच्या खिरीला देऊन टाकलं आणि जिन्याजिन्यात तिचा प्रचार सुरू केला. एकदा सुमनच्या दारात उभी राहून तिलाच शिकवू लागली, "अंड्याबिंड्यानं काय हुतंय? नाचणी दे पोरीला. माझ्या नंदूकडं बघ."

सुमनच्या हातात तेव्हा नंदूसाठीच सोललेलं अंडं होतं. ते पदराखाली धरून ती म्हणाली, "बरं, आजी."

* * *

मग सुमनच्या भावाचं लग्न निघालं आणि कांबळे मंडळी गावाला गेली. आत्ता कुठे अंग धरलेलं पोर पुन्हा वाळणार, आणि घरात तर काही करता येत नाही. सुनंदा माझ्याकडे येऊन रडलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आजी पिशवी घेऊन दारात. सण नाही, वार नाही, म्हणे देहूला निघाले. सुनंदा घाबरलीच. माझं काही चुकलं का, म्हणून विचारू लागली.

आजी वहाणा चढवत म्हणाली, "सुमन माघारी यीस्तवर मी काय यायची न्हाई. मी यायच्या आदी स्टो तेवढा घासून ठेव."