दोनदा उकळलेले दोनशे बारा खडे

सरकारी हिरे कचेरीतल्या सगळ्या खिडक्यांना पडदे आहेत. फक्त उत्तरेकडच्या खिडकीला नाही, कारण कच्चा हिरा दिव्याच्या उजेडात पारखायचा नसतो. त्या खिडकीशी सव्वीस वर्षं मावशी बसते. देशाबाहेर जाणाऱ्या पुडीच्या प्रमाणपत्रावर पारख्याची सही लागते : हे खडे अमुक खाणीतले, यांच्या पैशातून बंडखोरांनी बंदुका घेतलेल्या नाहीत. सही नसेल तर पलीकडचा देश पेटी उघडतसुद्धा नाही. बाईचे गुडघे दुखतात, लिफ्टशी तिचं जुनं वैर आहे. पण हातात भिंग आलं की भल्याभल्या व्यापाऱ्यांची बोबडी वळते.

त्या दिवशी तिचीच वळायची वेळ आली. समोर दोनशे बारा खडे होते, फॉर्मवर नदीकाठच्या खाणीचं नाव होतं आणि खाली सही होती तिच्या भाच्याची.

भाचा नावापुरता. बहीण गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मावशीनेच त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. तिच्यापेक्षा हातभर उंच झाला तरी तिच्या तोंडी छोट्याच राहिला. हिरे साफ करायलाही तिनेच शिकवलं. आता तो एका निर्यातदाराकडे होता. त्याच्या पुड्या एरवी दुसऱ्या पारख्याकडे जात, पण तो पारखी आज परदेशी तपासनिसांच्या सरबराईत अडकला होता. छोट्या मात्र काउंटरपलीकडच्या बाकावर बसून मोबाइल उगाच वरखाली करत होता.

नदीकाठचा खडा तांबड्या मातीतून येतो. खणणारे तो पाण्यात खंगाळतात आणि विकून मोकळे होतात. चिरांमधला गंज तसाच राहतो. या खड्यांच्या चिरा मात्र धुतल्या तांदळासारख्या. म्हणजे कुणीतरी ते आम्लात उकळले होते. कशाला? डोंगरापलीकडच्या रानातली माती काळी, ती काजळासारखी चिरांत बसते. ते रान कागदावर बंद होतं. तीन महिन्यांपूर्वी सैनिकांनी तिथल्या खणणाऱ्यांना हुसकून लावलं, हटले नाहीत त्यांना गोळ्या घातल्या, आणि आता स्वतःच खणत होते. कुंपणच शेत खात होतं.

पोराला कुणीतरी फसवलं असेल, असं तिला आधी वाटलं. तिला तसंच वाटून घ्यायचं होतं. पण दोनशे बारांतला एकही खडा तडकला नव्हता. बाजारातले लोक घाईने एकदाच उकळतात आणि दहातले दोन फुटतात. अर्धं उकळायचं, पूर्ण निवू द्यायचं, मग पुन्हा उकळायचं, ही रीत मावशीची. ती आणखी एकालाच येत होती. गाढवाने काम मन लावून केलं होतं आणि तिथेच सापडलं होतं.

"छोट्या, इकडे ये. कुठले आहेत हे?"

"फॉर्मवर लिहिलंय की."

"फॉर्म वाचला मी. खडेही वाचले."

तो काउंटरवर वाकला, आवाज खाली आणला. "मावशी, बंडखोरांचे नाहीत ते. वर्दीवाल्यांचे आहेत. नियमात फक्त बंडखोर येतात, सरकार येत नाही. विचार त्या तपासनिसांना."

हे खरं होतं, म्हणूनच तिला झोंबलं. नियम सरकारांनीच बसून लिहिले होते. स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेईल?

"मग त्या रानाचं नाव लिही. आत्ता सही करते."

त्याने फॉर्म तिच्याकडे परत सरकवला.

"माणसं मेली तिथं, छोट्या."

"मी मारली का? आणि नाही म्हटलं असतं तर ते माझ्या घरी आले असते. घरात पोर आहे माझ्या."

एवढ्यात साहेब आले. हिरे विकायची मुभा असलेल्या देशांच्या यादीत आपला देश राहणार की व्यापार बंद पडणार, हे शेजारच्या खोलीत संध्याकाळपर्यंत ठरायचं होतं. "मावशी, एवढी एकच पुडी राहिलीय. सही करा, सील मारू. आजच्या दिवशी वाद नको."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मावशीने पेन उचललं. तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : खाण खोटी. खडे आम्लात उकळलेले. सही नाकारली.

"मावशी!" छोट्या एवढ्याने ओरडला की सगळी कचेरी उठून उभी राहिली.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण माणूस उगाच साहेब झाला नव्हता. त्यांनी शेरा दोनदा वाचला, तोंडावर हळूहळू रंग परत आला. पहारेकऱ्याला खूण करून ते फॉर्म घेऊन शेजारच्या खोलीत गेले. उघड्या दारातून त्यांचा आवाज आला, "बघा, आमची यंत्रणा किती चोख आहे! आत्ताच एक चोर पकडला."

मावशी गुडघे सावरत दारात गेली. "साहेब, ते रान सैनिकांच्या ताब्यात आहे. तिथं माणसं..."

लिहिणाऱ्या तपासनिसाने पेन खाली ठेवलं. "बाई, ते आमच्या कक्षेत येत नाही," तो अगदी नम्रपणे म्हणाला आणि तिच्या कामाचं कौतुक केलं. मावशीला त्याचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. छोट्या काही संन्यासी नव्हता, पण सुळी त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली.

बाहेर दोन शिपाई त्याला घेऊन निघाले होते. ती जवळ गेली. त्याने वर पाहिलं नाही.

"साडेतीनला पोरीची शाळा सुटते," तो म्हणाला. "तिची आई गावाला गेलीय. तूच जा. आणि मी कुठं आहे ते तूच सांग तिला."

सव्वातीनला मावशी शाळेच्या फाटकाशी उभी होती. वाटेत तिने तीन थापा तयार केल्या होत्या, तिन्ही बऱ्या होत्या. आठ वर्षांची पोर धावत आली.

"आजी, तू? बाबा कुठंय?"

मावशीने तिच्या खांद्यावरचं दप्तर स्वतःकडे घेतलं.

"बाबाला पोलिसांनी नेलं," ती म्हणाली. "मी धरून दिलं त्याला."

पोर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने दप्तर आजीच्या हातातून ओढून घेतलं, पाठीला लावलं आणि एकटीच पुढे चालायला लागली.