बिजलीचा चेहरा

मालाडला भीमराजच्या तबेल्यातली घोडी चांदणी ज्या वरातीत मेली, त्या वरातीने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. ऐकायला वाईट वाटतं, पण खरं आहे. भीमराजने तिला ताशाच्या ठेक्यावर पुढचा पाय आपटायला शिकवलं होतं. घोडीला एवढं आलं की वऱ्हाडी खूश. त्या दिवशी ताशा थांबला तरी ती पाय आपटतच राहिली. पोटात कळ येत होती तिच्या. पण कानांवर लाल गोंड्यांची टोपी, डोळ्यांवर मण्यांची झालर, चेहरा दिसणार कुणाला? "काय झकास नाचतेय," म्हणत लोकांनी टाळ्या पिटल्या. लगाम धरून चालणारा गुणाजीसुद्धा हसला. मग ती खाली बसली आणि पुन्हा उठलीच नाही.

गुणाजी मूळचा मालवणकडचा, गिरणीतला विणकर. संपात गिरणी गेली आणि गडी तबेल्यात आला. विणायच्या साच्यांच्या खडखडाटात कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही, त्यामुळे तिथली माणसं एकमेकांचे ओठ नि भुवया वाचत. चेहरे वाचण्यात ज्याची उमर गेली, त्याला नेमका तोच एक चेहरा वाचता आला नाही. ही बोच त्याला खात होती.

चांदणीच्या जागी बिजली आली. घोडं दुखणं बोलून दाखवत नाही, उलट लपवतं, हे आता गुणाजीला चांगलं कळलं होतं. कान जरासे बाजूला पडतात. पापणीवरची कातडी ताणली जाते. नाकपुडीची कड आवळते, हनुवटी घट्ट होते. बस, एवढंच. पण एकदा ते बघायची सवय लागली आणि त्याला जिकडेतिकडे तेच दिसू लागलं. जेवताना तो बायकोच्या, रत्नप्रभाच्या नाकाकडे बघत बसायचा.

"माज्या तोंडाकडे काय बघतंस?" ती वैतागायची. "माका काय एक झाला नाय."

शेजारच्या चंपाने भरदुपारी फरशीवरून शेगडी ओढली, तरी हा ताटावरून उठून उभा राही. त्याला ते खूर आपटल्यासारखं वाटे. दुधाने तोंड पोळलेला ताकसुद्धा फुंकून पितो, पण ह्याने पाणीही फुंकायला सुरुवात केली होती. बिजलीला दुखतंय म्हणून त्याने दोनदा वरात मोडली आणि दोन्ही वेळा घोडी ठणठणीत निघाली. भीमराजने बजावलं, "पुन्हा असं केलंस ना गुणाजी, तर माझ्या दारात उभा राहू नकोस."

मग कांदिवलीच्या वरातीचा दिवस आला. भीमराज पुढे नवऱ्यामुलाच्या घरी गेला होता. गुणाजीने टोपी चढवायला बिजलीचे कान हातात घेतले आणि तो थबकला. एक कान बाजूला पडला होता. गव्हाणीत अर्धं गवत तसंच होतं. तिने मान वळवून आपल्या पोटाकडे पाहिलं, सहज पाहावं तसं. त्याने तिच्या कुशीला कान लावला. धडधाकट घोड्याचं पोट गुरगुरलं पाहिजे, पण दारात बँडवाल्यांनी सूर लावायला घेतले होते. पोट गप्प होतं की आवाज बँडखाली बुडत होता? त्याला कळेना. समोर बिजली उभी होती की चांदणी, हेही त्याला धड कळेना.

"चल ना यार, खोळंबलेत सगळे," बँडचा म्होरक्या धोंडिराम म्हणाला.

"ती येत नाय," गुणाजी म्हणाला, आणि हातातली टोपी त्याने खाली टाकली.

धोंडिराम शिव्या घालत बँड घेऊन निघून गेला. बिजलीचं पोट मोकळं व्हावं म्हणून गुणाजी तिला खाडीकडच्या रस्त्याला घेऊन चालू लागला. वाटेत ती दोनदा गुडघे मोडून बसायला गेली. त्याने तिला ओढून उभं केलं, शिव्या दिल्या, हातापाया पडला. ऊन कललं तेव्हा कुठे तिने लीद टाकली. फुरफुरली, आणि रस्त्याकडेच्या गवताला तोंड लावलं. गुणाजी तिच्या मानेवर डोकं टेकून रडला. बघायला तिथे कुणी नव्हतं.

परत आला तर भीमराज तबेल्याच्या दारात उभा होता. नवरामुलगा मोटारीतून गेला होता आणि भीमराजची चारचौघांत शोभा झाली होती. त्याने बिजलीच्या पोटावरून हात फिरवला. ती मजेत रवंथ केल्यासारखी गवत चघळत होती.

"कुठंय दुखणं? दाखव मला."

"शेठ, आत्ता बरी झाली ती. दुपारी—"

"चांदणी मेलीय रे," भीमराज म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, हेच गुणाजीला जास्त लागलं. "ही बिजली आहे. हिला काही झालेलं नाही."

गुणाजीने बिजलीच्या तोंडाकडे पाहिलं. कान ताठ, डोळे निवांत. त्याला तिथे काही सापडेना. तरी तो शोधत राहिला. एक कान पडू दे, नाकपुडीची कड जराशी आवळू दे, एकदाच पोटाकडे बघू दे तिला, म्हणजे शेठला दिसेल.

आपण काय मागतोय हे त्याच्या ध्यानात आलं. भीमराजने जा म्हणण्याआधीच त्याने दोर त्याच्या हातात दिला.