खाकी कागदावर घेतलेलं पाऊल

सकाळी उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. वर्षभर शेक झाले, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, तळव्याखालचा पट्टा टाचेपाशी थोडा कापावा लागेल.

मी विचारलं, "मग ह्या पायाने मशीन मारता येईल ना?"

देवराज मोहल्ल्यातल्या आमच्या दुकानात वीस वर्षं मी पायमशीनवर ब्लाउज शिवत आले होते. डॉक्टर म्हणाले, "हा पट्टा टाच आणि बोटं ओढून धरतो, म्हणून तळव्याची कमान उभी राहते. सैल केला की ती थोडी बसते, भार बाहेरच्या कडेवर जातो. म्हणून सगळा नाही, आतला अर्धाच कापू." परकराची नाडी सैल केली की चुण्या पसरतात, तसंच की हे! पण थोडी म्हणजे किती, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आमचे हे म्हणाले, "नाही जमलं तर घरी सुम्मने गप बसून काजं-हुकं कर. बन्नूर गावाहून एक शिंपी यायला तयार आहे, त्याला बसवू तुझ्या मशीनवर." काळजीनेच म्हणाले हो. पण मशीन गेली म्हणजे दुकानातली माझी जागाच गेली.

कमान किती बसते ते मापायचं म्हणून ऑपरेशनच्या आधी मी ओला पाय खाकी कागदावर टेकवला, आम्ही ज्यावर ब्लाउज आखतो त्याच. माझी नणंद शाळेत शिकवायची, सुईदोऱ्याशी तिचा संबंध नाही. तिने ओल्या डागाभोवती खडू फिरवला आणि पाऊल कापून दिलं.

ऑपरेशन झालं, टाके निघाले, हळूहळू चालू लागले. मग एका दुपारी घरात कुणी नसताना पुन्हा पाय ओला केला, कागदावर आखला, कागद कापला आणि जुन्या कागदी पावलावर ठेवला. अगं आई! पाऊल सगळीकडून पसरलेलं, आणि मधली खोलगट जागा जवळजवळ भरूनच आलेली. त्या रात्री जेवणसुद्धा गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नणंद आली. मी रडतच दोन्ही कागद तिच्यापुढे टाकले. तिने ते खिडकीपाशी नेले आणि हसायलाच लागली.

"अय्यो वैनी, खडूची रेघ आत आणि कात्री बोटभर बाहेर! पायाला शिलाईची जादा जागा ठेवलीत होय? उद्या उसवून ढिला करायचाय की काय?"

"वन्सं, थट्टा नको. हाताची सवय ती, ब्लाउज कापताना शिलाईपुरतं रेघेबाहेरून कापायची."

रेघेवर कापून पुन्हा ठेवलं. सूतभर फरक राहिलाच. माझी कमान बसली होती, एवढं खरं होतं.

डॉक्टरांनी कागद बघितला, पाय दाबला, मला उभं करून बघितलं. "एवढी बसणारच. बाहेरची कड काही महिने दुखेल. चपलेत मऊ आधार घाला. मशीन मारा, पण सुरुवातीला दहाच मिनिटं."

तशीच दुकानात गेले. हे कापड कापत होते, त्यांनी कात्री थांबवली. मी मशीनवर बसले, पाय दाबला, तर चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. शिकाऊ पोरीसारखं! पुन्हा ओवला. कडेला कळ गेली, तसा पाय जरा तिरका ठेवला. एका ब्लाउजची एक बाजू सरळ उतरली.

"बन्नूरच्या माणसाला येऊ नको म्हणून निरोप धाडा," मी म्हटलं.

"एक आठवडा बघू," हे म्हणाले आणि पुन्हा कापायला लागले.

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला ठाऊक. कळ आली की ओठ मिटायचे आणि ह्यांचं लक्ष नाही ना, ते आधी बघायचे.