पाण्याखाली डबल बेल

माझ्या वहिनीला पहिल्याच मिनिटाला 'आजी' म्हणणाऱ्या माणसाचं मी काय करायला हवं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिचं वय अठ्ठावन्न. केस काळे, म्हणजे रंगवलेले, पण काळे. दात सगळे स्वतःचे. आणि हा तिशीतला, गळ्यात शिट्टी अडकवलेला गडी काउंटरमागून म्हणतो, "आजी, तुम्ही बसा सावलीत. कोर्स ह्या ताईंना करायचाय ना?" ताई म्हणजे मी. मी एक्कावन्नची. सात वर्षांच्या फरकात मी ताई आणि ती आजी! माझं तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "दोघींना करायचाय. दोन फॉर्म द्या."

वहिनी बस कंडक्टर होती. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाली. एकतीस वर्षं नोकरी केली आणि ती सगळी उभ्याने. बस कितीही वळणं घेऊ दे, ती कशालाही न धरता गर्दीतून मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जायची आणि चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे तिच्या हाडात भिनलेलं. घरीसुद्धा ताटं वाढून झाली की पळीने पातेल्यावर दोनदा टणटण वाजवायची, की आम्ही जेवायला सुरुवात करायची. दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, माझ्या सख्ख्या भावाने, वाद घातला की एकदाच वाजवायची. तो मुकाट गप्प बसायचा.

नोकरीतली अकरा वर्षं तिच्या बसचा शेवटचा थांबा समुद्रावर होता. बस तिथे सात मिनिटं थांबायची. लोक उतरून पाण्याकडे पळायचे आणि ही दारात उभी राहून परतीच्या प्रवाशांना "आत सरका, आत सरका" करायची. निवृत्तीनंतर आम्ही दोघी पहिल्यांदाच फिरायला निघालो. दादाला प्रवासाचा कंटाळा, त्यामुळे त्याला घरीच ठेवला. ह्या गावात उतरलो आणि दुसऱ्या सकाळी तिला बंदराजवळ पाटी दिसली, 'चार दिवसांत डायव्हिंग शिका'. ती पाटीसमोर थांबली ती हलेचना. म्हणाली, "इतकी वर्षं वरून बघितलं गं. आत काय आहे ते बघून घेऊ."

शिकवणाऱ्या त्या गड्याचं नाव वहिनीने 'मास्तर' ठेवलं. मास्तरने तिच्याकडे डॉक्टरचा दाखला मागितला. फक्त तिच्याकडे हं! आमच्या बरोबर एक नवं जोडपं होतं. त्यातला नवरा दर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन सिगारेट ओढून यायचा आणि पायऱ्या चढताना धापा टाकायचा. त्याला कोणी विचारलं नाही. मी उसळले. मी शाळेत गणित शिकवते, ओरडायला मला माईक लागत नाही. पण वहिनी निमूटपणे दवाखान्यात गेली, दीड तास बाकावर बसली आणि दाखला आणून मास्तरच्या टेबलावर ठेवला. तिचं ब्लड प्रेशर माझ्यापेक्षा चांगलं निघालं, ते एक वेगळंच.

पहिले दोन दिवस तलावात, म्हणजे साध्या पोहण्याच्या तलावात. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क. श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकाने जोरात हवा सोडून ते बाहेर काढायचं. हा काय छळ! माझ्या नाकातोंडात पाणी गेलं, कान ठणकले, मी तळाला जायच्या आधीच हातपाय झाडत वर आले आणि मास्तरच्या पोटात लाथ बसली ती चुकून बसली असं मी आजवर सांगत आलेय. दुसऱ्या दिवशी दुपारी मी राजीनामा दिला. वहिनी मात्र तळाशी मांडी घालून बसल्यासारखी बसली होती, एक श्वास आत, एक बाहेर, अगदी संथ. ठासून भरलेल्या बसमध्ये एकतीस वर्षं जिने श्वास सांभाळला, तिला तलावाचं काय कौतुक! मास्तर मात्र कौतुक जोडप्याचंच करत होता. वहिनीला फक्त, "अरे वा आजी, जमलं की तुम्हाला!"

तिसऱ्या दिवशी बोटीने समुद्रात. मीही गेले, बघायला. बघितलं काहीच नाही. बोट धक्क्यापासून हलली आणि मी जी कठड्यावर वाकले ती वाकलेलीच. पोटात होतं नव्हतं ते सगळं समुद्राला दिलं. वहिनी माझं कपाळ धरून, पाठ चोळत बोटीच्या मागच्या टोकाला बसली होती. पुढच्या टोकाला मास्तर काहीतरी समजावून सांगत होता. इंजिनच्या आवाजात मला काही कळलं नाही आणि मला कशाचीच पडलेली नव्हती.

पहिली डाइव्ह सुरळीत झाली. दुसरीला सगळे खाली गेले आणि वीस मिनिटांनी पाणी खळबळलं. मास्तर वर आला, लालबुंद, आणि त्याने वहिनीला पाठीवरच्या सिलिंडरला धरून वर आणलं होतं. पोतं ओढावं तसं! शिडी चढायच्या आधीच त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"ऐकू येत नाही का आजी? किती वेळा वाजवलं मी!"

"आलं की ऐकू," वहिनी तोंडातली नळी काढून म्हणाली. "दोनदा वाजवलंत."

"मग थांबायचं सोडून पुढे काय निघालात?"

"दोन वाजल्या म्हणून निघाले."

झालं होतं असं, की खाली कुणाचं लक्ष वेधायचं असलं की मास्तर लोखंडी सळईने आपल्या सिलिंडरवर टकटक करायचा. टकटक झाली की जागेवर थांबायचं आणि त्याच्याकडे बघायचं. वहिनीच्या कानात दोन ठोके पडले आणि तिने गाडी सोडली. तिला थांबवायला मास्तरने परत दोन वाजवल्या. तिला वाटलं उशीर होतोय, तिने पाय आणखी जोरात मारले. मास्तर त्या जोडप्याला तिथेच सोडून मागे धावला, आणि हिचे पाय म्हणजे काही विचारू नका.

वहिनीने हे सगळं सरळ सांगितलं. एक बेल थांबा, दोन बेल चला. जोडपं खो खो हसलं. नवऱ्याने तर हसता हसता खोकला काढला. मास्तर म्हणाला, "इथे बस चालत नाही आजी! सकाळी बोटीवर घसा फोडून सांगितलं होतं, टकटक म्हणजे थांबा. तुमचं लक्ष कुठे होतं?"

वहिनी हातमोजे काढत बसली. तिचं लक्ष कुठे होतं? माझ्या उलटीत होतं! तो घसा फोडत होता तेव्हा ती माझं कपाळ धरून बसली होती. ते तिने त्याला सांगितलं नाही, माझी शोभा होऊ नये म्हणून. मग मीच उठले. आवाज खणखणीत लागला. "अहो मास्तर, ती माझ्यामुळे मागे होती! मी ओकत होते! तुम्ही बघितलं नाहीत? तीनच तर शिकणारी माणसं होती, त्यातलं एक गैरहजर आहे हे गणित तुम्हाला जमलं नाही?" मास्तर म्हणाला, "ठीक आहे, पण उद्या आजींना मी नेणार नाही." आणि उद्याच्या दोन डाइव्ह झाल्याशिवाय कोर्स पुरा होत नव्हता, डायव्हिंग आल्याचं कार्ड मिळत नव्हतं.

संध्याकाळी आम्हाला ऑफिसात बोलावलं. ओली फरशी, भिंतीला टांगलेले रबरी सूट, त्यांतून टपटपणारं पाणी. मास्तरने गोड हसून एक जाड कागद पुढे केला. भोवती माशांची नक्षी, मध्ये वहिनीचा मास्क घातलेला फोटो, वर ठळक अक्षरांत 'धाडसी आजी'. "आठवण म्हणून," तो म्हणाला. "घरी लावा, नातवंडं खूश होतील."

वहिनीने कागद हातात घेतला, उलटा केला, मागून पाहिला आणि टेबलावर ठेवला. "हे हाफ तिकीट झालं," ती म्हणाली. "मी फुल प्रवासी आहे. ह्या वयाला नेत नाही, असं कुठे लिहिलंय ते दाखवा. नसेल तर तुम्ही लिहून द्या. खाली सही करा."

मास्तर चुळबुळला. फाइल उघडली, मिटली. लेखी म्हटलं की भल्याभल्यांची अशी गाळण उडते. शेवटी म्हणाला, "बरं, एक करू. घरच्या कोणीतरी तरुण माणसाने जबाबदारी घ्यायची. ह्या ताई सही करतील? 'ह्यांची जबाबदारी माझी' एवढंच."

मला काय आनंद झाला! सुटलो म्हणून मी पेन उचललंसुद्धा. पहिलं अक्षर काढणार तोच वहिनीने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. मला वाटलं, ती मास्तरवर चिडली असेल. ती माझ्यावर चिडली होती.

"तू सुद्धा?" ती म्हणाली. मग मास्तरकडे वळली. "एकतीस वर्षं दर फेरीला सत्तर माणसं माझ्या जबाबदारीवर होती. लेकुरवाळ्या, म्हातारे, दारू प्यालेले, सगळे. तेव्हा माझ्यासाठी कुणी सही मागितली नाही. टकटक म्हणजे थांबायचं, कळलं मला. एकदा सांगितलेलं मी दुसऱ्यांदा विचारत नाही. माझी जबाबदारी माझी." आणि तिने तिथे स्वतःचीच सही ठोकली. मास्तरने ती सही बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "सकाळी सातला या, बाई." आजी नाही, बाई! मी बोलणार होते, पण माझं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा बंद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावरच थांबले. बोट आली तेव्हा दोन्ही डाइव्ह झाल्या होत्या आणि संथ श्वासामुळे सगळ्यांत कमी हवा वहिनीने वापरली होती. हे मास्तरने स्वतः सांगितलं, दात उपटल्यासारखा चेहरा करून. कार्ड हातात पडलं. त्यावर तिचं पूर्ण नाव होतं.

ती टॉवेल खांद्यावर घेऊन पायरीवर बसली. मी विचारलं, "काय काय बघितलंस? मासे? कासव?"

"होते मासे," ती म्हणाली. मग टॉवेलने कान पुसले. "अगं, खाली कुणी धक्का मारत नाही. एकदाही नाही. अंगाला काही म्हणजे काही लागत नाही."

मी हसायला तोंड उघडलं आणि मग तिच्याकडे बघितलं. ती कुठल्या धक्क्यांबद्दल बोलत होती ते मला तेव्हा कळलं, एक्कावन्नाव्या वर्षी. गर्दीच्या नावाखाली, ब्रेकच्या निमित्ताने, सुट्टे देता देता. रोज. ड्यूटीवरून आली की ती कुणाशी एक शब्द न बोलता आधी बाथरूममध्ये जायची आणि अर्धा अर्धा तास अंगावर पाणी ओतत राहायची. दादा बाहेरून ओरडायचा, "टाकी संपवतेस काय, राणीसाहेब!" आणि मी हसायचे. किती वर्षं मी हसले!

तेवढ्यात दादाचाच फोन आला. "काय, बुडाली का आमची जलपरी?" तो खिदळत म्हणाला. मी आधी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग त्याला घातल्या, मोठ्याने, सगळ्या धक्क्याला ऐकू जातील अशा.