हरवले आहे : नळाचे पाणी

माझी मावशी शहरातल्या एकुलत्या एका वर्तमानपत्रात छोट्या जाहिरातींच्या खिडकीत बसायची. भाड्याने देणे, विकणे आहे, हरवले आहे. लोक घडाघडा बोलायचे, ती मोजक्या शब्दांत बसवायची. घरीही तशीच. आईच्या तासभराच्या गाऱ्हाण्यावर तिचं एवढंच, "बरं, पुढे?"

शहराला पाणी पुरवणाऱ्या कंपनीने ते वर्तमानपत्र विकत घेतलं आणि बातम्या एकदम गोडगोड झाल्या. नळाला गढूळ, वासाचं पाणी येत होतं, माझा धाकटा भाऊ जुलाबांनी अंथरुणाला खिळला होता, आणि पहिल्या पानावर काय, तर कंपनीच्या मालकाचा हसरा फोटो! संताप यायचा नुसता. मावशीने बातमीदाराला गाठलं. तो म्हणाला, "ताई, लिहिली हो. दर वेळी वरून कापतात." कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद कुणाकडे मागायची?

पण बातम्या वर साहेबांकडे जायच्या, छोट्या जाहिराती मात्र खिडकीतून थेट छपाईला. त्या वाचायला कुठल्या साहेबाला सवड? दुसऱ्या दिवशी छापून आलं : 'हरवले आहे. शाळेमागच्या गल्लीतून नळाचे स्वच्छ पाणी. मुले आजारी आहेत. सापडेपर्यंत उकळून प्यावे.'

आईने कपाळावर हात मारला. "अगं, नोकरी घालवून बसशील!"

मावशी डबा घेऊन कामावर गेली. दुपारपर्यंत खिडकीसमोर ही रांग! बाजारातलं पाणी हरवलं होतं, दवाखान्याजवळचं हरवलं होतं, पुलापलीकडचंही. साहेब तरातरा खाली आले.

"ही जाहिरात कुणी दिली?"

"मी. पैसे भरून." मावशी जागची हललीसुद्धा नाही. "सदर बंद करायचं असेल, तर यांना तुम्हीच सांगा."

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. रांगेने साहेबांकडे पाहिलं. त्यांचा बातमीदारही तिच्यात उभा होता. साहेब आल्या पावली परत गेले.

दुसऱ्या दिवशी अख्खं पान हरवलेल्या पाण्याचं. घरोघर पातेली चुलीवर चढली. भाऊ उठून बसला होता. मला तर मावशीला कडेवर घेऊन नाचावंसं वाटलं. आई मोठ्याने एकेक जाहिरात वाचत होती, ती मध्येच थांबली.

"अगं, मला वाटायचं, आपल्याच गल्लीत असं येतंय."

"प्रत्येकाला तेच वाटायचं," मावशी म्हणाली. "तसंच वाटत राहावं, म्हणूनच तर छापत नव्हते."